आमच्याकडे विष मिळत नाही

"मी नाटकात आहे म्हटल्यावर तिथे काही वेडंवाकडं होणार नाही!"

मेडिकलवाल्या काकांनी हे जेवता जेवता जाहीर केलं आणि घास हातात तसाच धरून बायकोकडे पाहिलं. बायकोने "मीठ वाढू का?" एवढंच विचारलं. मोठमोठ्या घोषणांची तिला सवय होती.

काकांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. डॉक्टरांचं अक्षर वाचणारा त्या भागातला हा एकमेव माणूस! एखाद्या डॉक्टरला स्वतःचंच अक्षर लागेनासं झालं, की तोही काकांना फोन करायचा. "आजवर या हातातून चुकीची बाटली गेली नाही," हे वाक्य काका रोज एकदा तरी म्हणत. कुणी विचारलं नाही तर काउंटरवरच्या वजनकाट्याला ऐकवत.

असा हा माणूस नाटकात कसा शिरला? तर लेकीपायी!

लेकीला घरीदारी सगळे ठकी म्हणत. ठकी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची आणि संध्याकाळी नाट्यमंडळात जायची. यंदा मंडळाने एक जुनी, नावाजलेली शोकांतिका बसवायला घेतली. राजपुत्र आणि नावाड्याची मुलगी यांचं प्रेम. राजाचा विरोध. शेवटी दोघं नावेत बसून विष घेतात आणि नाव वाहत जाते. नावाड्याची मुलगी झाली ठकी. आणि राजपुत्र? चष्मेवाल्यांचा मुलगा!

चष्मेवाल्यांचं दुकान पलीकडच्या चौकात. त्यांचा मुलगा दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून "आता दिसतंय? आणि आता?" विचारत बसायचा. त्याला स्वतःलाही सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता, आणि तो होता तोवर काकांना पोराची काडीइतकी भीती वाटली नव्हती. पण राजपुत्राच्या कामासाठी त्याने चष्मा काढला आणि काय सांगू, आतून चक्क देखणा मुलगा निघाला! काकांचं धाबं दणाणलं.

त्यांनी ठकीच्या पिशवीतून नाटकाची प्रत काढली आणि प्रिस्क्रिप्शन वाचावं तशी वाचली. काय, किती आणि दिवसातून कितीदा!

"अगं, हे काय आहे?" ते बायकोवर ओरडले. "पहिल्या अंकात प्रेम, दुसऱ्यात प्रेम, तिसऱ्यात तर सकाळ-दुपार-संध्याकाळ प्रेम! जेवणाआधी आणि जेवणानंतर! मधे राजाचा दरबार घातलाय तो फक्त यांना श्वास घ्यायला!"

"नाटक आहे ते," बायको म्हणाली.

"नाटकातूनच सुरुवात होते!"

दुसऱ्याच दिवशी काका तालमीच्या हॉलवर हजर झाले. नाटक बसवणाऱ्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भाषेच्या शिक्षिका. छापील मजकुरातला स्वल्पविराम जरी कुणी गिळला, तरी तो त्याच्या घशातून परत काढतील अशा!

"मलाही काम द्या," काका म्हणाले.

"एकच उरलंय. विषविक्रेता."

"बाई! औषध विकणाऱ्याला विष विकायला लावता?"

"मग भालदार व्हा. एकदा येऊन 'महाराज येत आहेत' म्हणायचं आणि घरी जायचं."

घरी जायचं म्हटल्यावर काकांनी विष पत्करलं. निदान तालमीला रोज बसता तरी येईल!

आणि बसले. अगदी मधोमध खुर्ची टाकून बसले. राजपुत्र डावीकडे, नावाड्याची मुलगी उजवीकडे, आणि मधे हाताची घडी घातलेले काका, जसा रस्त्यातला दुभाजक!

राजपुत्र डोळे मिटून म्हणायचा, "तू हसलीस, आणि नदीला आठवलं, की आपण पाणी आहोत."

"इतके दिवस काय वाटत होतं तिला?" काका.

"काका!" बाई.

ठकी म्हणायची, "तुझ्या श्वासाच्या काठावर मी माझं घर बांधीन."

"काठावर बांधकामाला परवानगी मिळत नाही. ठके, निदान तुला तरी हे माहीत पाहिजे!"

"बाबा!"

शेवटी बाईंनी काकांची खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि त्यांना त्यांच्या कामाला जुंपलं. काम तसं छोटं होतं. राजपुत्र येऊन विष मागतो, विषविक्रेता फळीवरची कुपी त्याच्या हातात ठेवतो आणि म्हणतो:

"घे राजपुत्रा, या कुपीत आहे निद्रा,
जिला उशी लागत नाही, कूस लागत नाही,
आणि जिच्यापलीकडे पहाट नाही."

'पहाट नाही' हे दोन शब्द फार महत्त्वाचे. ते ऐकले, की विंगेतला वायरमन दोर ओढणार, दिवे निळे होणार, आणि चाकांवरची नाव ठकीला घेऊन रंगमंचावर तरंगत येणार. वायरमनला नाटकातलं बाकी काही कळत नव्हतं. त्याला बाईंनी 'पहाट नाही' एवढंच शिकवलं होतं, आणि तो ते कुत्र्याने धन्याची शीळ ओळखावी तसं ओळखायचा.

काकांना मात्र ओळी काही केल्या तोंडात बसेनात. निद्रेच्या जागी 'गुंगी' यायची, कुपीच्या जागी 'शंभर मिलीची बाटली'.

"शब्द नुसते पाठ करू नका," बाई म्हणाल्या. "अंगात मुरवा! दिवसभर त्याच भाषेत बोला!"

झालं! काका मनापासून करणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला आला तो शिंपी, पोट धरून.

"काका, जळजळतंय हो. काहीतरी द्या."

काकांनी गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं, डोळे मिटले आणि खोल आवाजात म्हणाले, "घे शिंप्या. हिच्यानंतर ना जळणं, ना जागणं."

"अं? बरं... परत कधी दाखवायला येऊ?"

"या दारातून गेलेला," काका म्हणाले, "परत येत नाही."

शिंपी पांढराफटक पडला. घरी गेला, मुलांना जवळ बोलावलं, कपाटाची किल्ली कुठे असते ते सांगितलं, कुणाकुणाच्या पँटी शिवायच्या राहिल्यात ते सांगितलं, आणि हात छातीवर जोडून आडवा झाला. दुपारी त्याची बायको दुकानात आली तेव्हा काकांची जी पूजा बांधली गेली, ती समोरच्या बँकेपर्यंत ऐकू गेली. शिंप्याची जळजळ मात्र थांबली होती. पण ते कोण लक्षात घेतं!

घरी तरी काय वेगळं? संध्याकाळी बायकोने चहा दिला. काका कपाकडे बघत म्हणाले, "हा चहा म्हणजे मावळत्या सूर्याने दिलेला निरोप."

"म्हणजे? गार झालाय का?" बायकोने कप उचलून नेला तो परत आणलाच नाही.

अशी सगळी तयारी होऊन प्रयोगाची संध्याकाळ आली. काकांच्या हनुवटीला छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी चिकटवली गेली, अंगात काळी कफनी चढली. बाईंनी जाता जाता त्यांच्या नाकावरचा वाचायचा चष्मा काढून घेतला.

"बाई, मला जवळचं काही दिसत नाही त्याच्याशिवाय!"

"त्या काळी चष्मे नव्हते."

"मग लोकांना दिसायचं कसं?"

"नाही दिसायचं. म्हणून तर प्रेमात पडायचे!" बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

तीन अंक छान झाले. राजपुत्र तर कमालच करत होता! प्रेमाच्या पहिल्या वाक्यापासून त्याच्या डोळ्यांतून जी धार लागली, ती थांबेचना. प्रेक्षकांत बायका रुमाल पिळत होत्या. पहिल्या रांगेत नवा कोट घालून बसलेले चष्मेवाले दर दोन मिनिटांनी शेजाऱ्याला सांगत होते, "आमचा मुलगा!"

चौथ्या अंकाआधी काका आपल्या ओळी पुटपुटत रंगवलेल्या किल्ल्याच्या मागे उभे होते. किल्ला कापडाचा. पलीकडून कुजबुज ऐकू आली.

"आता नाही गं सहन होत." राजपुत्राचा आवाज! "किती दिवस नुसतं रडायचं?"

"मी पहिल्यापासून नाही म्हणत होते." हा ठकीचा. "ऐकलंस?"

"वाटलं होतं, हळूहळू सवय होईल."

"अशी सवय होत नसते. घरी सांगितलंस?"

"बाबांना? छे! त्यांचं मन मोडेल. आणि लोकांना कळलं तर दुकानाची काय अब्रू राहील?"

"मग?"

"आज संपवतो एकदाचं. बाटली खिशातच आहे. काकांचा प्रवेश झाला, अंधार झाला, की कायमचा मोकळा!"

"एवढं नाटक तरी पूर्ण कर रे."

"तेवढ्यासाठीच तर थांबलोय."

काकांनी कापडी किल्ल्याच्या फटीतून पाहिलं. पोराचे डोळे इंगळासारखे लाल! आणि ठकी? ठकी शांतपणे वेणीत फूल खोचत होती. पोटची पोर, आणि काळीज असं दगडाचं! तिकडे एक जीव निघालाय, आणि ही म्हणते, नाटक पूर्ण कर!

काका धावत बाईंकडे गेले. "बाई! मुलगा जीव देणार आहे!"

"हो," बाईंनी प्रतीतून मान वर केली नाही. "याच अंकात."

"तसं नाही हो! खरंखुरं!"

"शाब्बास! हाच खरेपणा आवाजात येऊ द्या. जा, पडदा उघडतोय!"

मागून कुणीतरी ढकललं, आणि काका दिव्यांच्या झोतात उभे! समोर काळोख, काळोखात चारशे माणसं, शेजारी फळीवर रंगीत पाण्याची कुपी. आणि विंगेतून अडखळत, झोकांड्या खात राजपुत्र आत आला. दोन्ही गालांवरून पाणी ओघळत होतं.

"हे विषविक्रेत्या!" त्याने हात पसरले. "जिच्यासाठी मी राज्य सोडलं, तिच्यासाठी आता श्वासही सोडायला आलो आहे. दे मला ती कुपी!"

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

"नाही," ते म्हणाले.

राजपुत्र थबकला. विंगेत बाईंनी भराभरा पानं उलटली. असं वाक्य कुठेच नव्हतं!

"दे मला ती कुपी!" राजपुत्र पुन्हा म्हणाला.

"स्टॉक संपलाय."

प्रेक्षकांत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अरे, ती काय! ती समोर फळीवर दिसते आहे!" पोरगं हुशार, सावरून घेत होतं.

"तिची तारीख उलटून गेलीय!"

आता मागच्या रांगांत खसखस पिकली. राजपुत्र पुढे सरकला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "काका, 'घे राजपुत्रा'... 'घे राजपुत्रा'..."

"घे काय घे?" काका मोठ्याने ओरडले. "मी इथे उभा असताना तुला काही मिळायचं नाही! अरे, वय काय तुझं! एका मुलीने नाही म्हटलं म्हणून काय जीव द्यायचा? मलाही तिघींनी नाही म्हटलं होतं! चौथीने हो म्हटलं!"

प्रेक्षकांतून काकांच्या बायकोचा आवाज आला, "तिघींनी?"

काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. "खिशात काय आहे तुझ्या?"

राजपुत्राचा हात झटकन कमरेशी गेला. "काका, ते... ते नको!"

बस! संशयाची खात्री झाली. काकांनी झडप घातली. राजपुत्र मागे सरकला, काका पुढे. रंगमंचाला दोन फेऱ्या झाल्या. शेवटी राजपुत्राचा पाय त्याच्याच शेल्यात अडकला आणि काकांनी राजवस्त्राच्या आत हात घालून एक चिमुकली बाटली बाहेर ओढली! डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. चष्म्याशिवाय लेबलच काय, बाटलीही धड दिसेना. मग त्यांनी झाकण उघडून वास घेतला.

"पाण्यासारखं आहे! वासच नाही!" ते किंचाळले. "म्हणजे भयंकर जालीम असणार!"

"काका, ओतू नका! त्यात माझी..."

"तुझी काय? तुझी सुटका? ही घे सुटका!" असं म्हणून काकांनी बाटली गर्रकन फिरवून सगळं पाणी हवेत भिरकावून दिलं. मग राजपुत्राला छातीशी असं कवटाळलं, की त्याचं तोंड दाढीत बुडालं.

महिनाभर ज्या पोराला काका डोळ्यांत तेल घालून लांब ठेवत होते, तो आता हाडामांसाचा, घामाने भिजलेला, हुंदके देणारा कुणाचा तरी मुलगा होता. खरं तर तो गुदमरत होता, पण काकांना ते हुंदके वाटले.

"अरे वेड्या, माझी मुलगी देतो तुला! आजच देतो! सगळ्यांच्या साक्षीने देतो! पण असं काही करू नकोस! ऐक माझं. अशी कुठलीही रात्र नाही, जिच्यापलीकडे पहाट नाही!"

वायरमनचे कान टवकारले. 'पहाट नाही'! त्याने दोर खेचला.

दिवे निळे झाले, बासरी वाजू लागली, आणि डावीकडून नाव तरंगत आली. नावेत केस मोकळे सोडून, डोळे मिटून, एक हात पाण्यात सोडल्यासारखा करून ठकी पहुडली होती.

"आलास," ती आर्त स्वरात म्हणाली, "माझ्या अखेरच्या श्वासा?"

उत्तर येईना. तिने एक डोळा उघडला. पाहते तो तिचा अखेरचा श्वास तिच्या बाबांच्या मिठीत तडफडत होता!

"ठके!" काका ओरडले. "हो म्हण!"

"कशाला?"

"याच्याशी लग्नाला! तू नाही म्हणालीस म्हणून जीव द्यायला निघाला होता हा!"

"मी?" राजपुत्र दाढीतून कसाबसा बाहेर आला. "काका, मला नकोय तुमची मुलगी!"

सभागृहात पुन्हा टाचणी-शांतता.

काकांनी त्याला सोडलं. एक पाऊल मागे सरकले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"नको?" ते म्हणाले. "का नको? काय कमी आहे तिच्यात? नकाशे काढते ती! तिच्या कागदावर मजले चढतात! आणि तू काय करतोस? 'आता दिसतंय, आता दिसतंय'!"

पहिल्या रांगेत चष्मेवाले ताडकन उठले. "ए मेडिकल! माझ्या मुलाला बोलायचं काम नाही!"

"तुमचा मुलगा माझ्या मुलीला नको म्हणतोय!"

"मग तुमच्या मुलीनेच आधी नाही म्हटलं ना? तुम्हीच आत्ता सांगितलंत!"

"मी कुणालाच काही म्हटलेलं नाही!" ठकी नावेत उभी राहिली. नावेला चाकं होती. नाव दोन हात पुढे घसरली आणि विषाच्या दुकानाची फळी घेऊन कोसळली!

"हलू नका!" राजपुत्र एवढ्या जोरात ओरडला, की बासरीवालाही थांबला. "कुणी पाऊल टाकू नका! माझी लेन्स!"

"काय?"

"बाटलीत माझी लेन्स होती, काका! उजव्या डोळ्याची! आत्ताच काढून पाण्यात ठेवली होती! दुसरी या प्रवेशानंतर काढणार होतो! महिनाभर डोळे जळतायत, नुसतं पाणी वाहतंय! ठकी पहिल्यापासून म्हणत होती, लेन्स घालू नकोस, पण बाबांनी हौसेने करून दिल्या, मग त्यांना कसं सांगणार?"

काकांनी हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. आजवर ज्या हातातून चुकीची बाटली गेली नव्हती, त्याच हाताने ती रिती केली होती.

"अरे, डोळ्यांना सोसत नव्हत्या, तर बोलायचं नाही का!" चष्मेवाले कोट सावरत रंगमंचावर चढले. खिशातून छोटा टॉर्च काढून त्यांनी सरळ गुडघे टेकले. मागोमाग राजपुत्र, ठकी आणि वायरमनही. मग काय, शोकांतिकेचा शेवटचा अंक चारही पायांवर रांगत सुरू झाला! प्रेक्षक खुर्च्यांवर उभे राहून सूचना देत होते. "डावीकडे बघा!" "ते काय चमकतंय?" "तो खिळा आहे हो!"

"बाबा," ठकी अचानक म्हणाली. "श्वास रोखा."

तिने काकांच्या दाढीत दोन बोटं घातली आणि अगदी अलगद, केसांच्या गुंत्यातून लेन्स उचलली. हशा आणि टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली.

तेवढ्यात बाई विंगेतून बाहेर आल्या. ताठ मानेने, प्रत छातीशी धरून. त्यांनी हात वर केला, तशी सगळी शाळा गप्प झाली.

"यानंतर," बाई म्हणाल्या, "राजपुत्र आणि नावाड्याची मुलगी यांनी विष घेतलं, असं समजून प्रेक्षकांनी घरी जावं."

आणि पडदा पडला.

घरी जाताना काकांच्या एका बाजूला लेक होती आणि दुसऱ्या बाजूला बायको. दोघी समोर बघत झपाझप चालत होत्या. दाढीचा डिंक खाजत होता, पण हात वर करायची हिंमत होईना.

दाराशी आल्यावर ठकी म्हणाली, "बाबा, मी काय खोकल्याचं औषध आहे? कुणी रडत आलं, की काढून दिलं!"

"मला वाटलं, पोरगा मरतोय."

ठकी थांबली. "आणि खरंच मरत असता, तर खरंच दिली असतीत?"

काका थोडा वेळ चपला काढत राहिले. "त्या क्षणी तर... हो."

"मला न विचारता?"

"विचारलं की," काका पुटपुटले. "नावेत आलीस तेव्हा."

ठकीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडतेय का हसतेय, ते काकांना मागून कळलं नाही, आणि पुढे जाऊन बघायचं धैर्य झालं नाही. शिवाय आत बायको वाट बघत होती. तिला त्या तिघींची नावं हवी होती.

पुढचे काही दिवस दुकानात बसणं मुश्कील झालं. येणारा प्रत्येक जण काउंटरवर रेलून, डोळा मारून विचारायचा, "काका, विष आहे का?" शेवटी काकांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून पाटी लावली: 'आमच्याकडे विष मिळत नाही.' त्याचा परिणाम एवढाच झाला, की पूर्वी न येणारे लोकही आता पाटी वाचायला येऊ लागले. शिंपी तर पाहुण्यांना घेऊन आला!

एका दुपारी चष्मेवाल्यांचा मुलगा आला. नाकावर तोच जाड चष्मा. डोळ्यांची लाली उतरली होती.

"काय पाहिजे?" काकांनी नजर न मिळवता विचारलं.

"डोळ्यांत घालायचे थेंब."

काकांनी थेंब दिले. पोरगा जाईना.

"काका, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर 'नको' म्हणालो..."

"असू दे रे. मीही जरा जास्तच बोललो."

"तसं नाही. म्हणजे, तेव्हा मला नकोच होतं. तालमीला डोळे मिटून, प्रयोगाला रडून, मला ती कधी धड दिसलीच नव्हती. नदीला काय आठवलं, ते सगळं मी एका धुरकट आकृतीला सांगत होतो. आणि एरवी समोर आली की आम्ही तालमीच्या वेळेवरून भांडायचो. पण तिने लेन्स हातात दिली ना, तेव्हा मी दुसरीही काढून चष्मा लावला. तर ती हसू दाबत उभी होती."

"मग?"

"मग काय," पोरगा काउंटरच्या काचेला म्हणाला. "दिसली."

नाटकात या पोराच्या तोंडी पानंच्या पानं होती, पण त्यातलं एकही वाक्य काकांना असं भिडलं नव्हतं.

तेवढ्यात नकाशांची गुंडाळी काखेत मारून ठकी आत आली. पोराला बघून दारातच थांबली. काकांनी ताबडतोब खोकल्याच्या बाटल्या मोजायला घेतल्या.

"थेंब मिळाले?" ठकीने विचारलं.

"मिळाले."

"मग इथे काय करतोयस?"

"काही नाही. म्हणजे... चहा घेतेस?"

ठकीने गुंडाळी काउंटरवर ठेवली. "बाबा, ही सांभाळा. आणि मी फक्त चहाला जातेय. तुम्ही मला देऊन टाकलंत म्हणून नाही. कळलं?"

"कळलं, कळलं," काका बाटल्यांना म्हणाले.

दोघं पायऱ्या उतरले. काकांनी बाटल्या सोडल्या आणि काउंटरवरून इतके वाकले, की वजनकाट्याने त्यांचं अर्धं वजन दाखवलं. कान टवकारले. आता येईल नदी! आता येईल श्वास! येऊ दे, दुकान सोडून मधे जाऊन उभा राहतो की नाही बघा!

"गाडी कुठे लावलीस?" ठकीचा आवाज आला.

"ती काय, समोर."

"तिथे नो पार्किंग आहे. चष्मा लावूनही पाटी दिसत नाही?"

"आधी सांगायचं ना मग!"

"मी होते का तिथे?"

"नेहमी तूच सांगतेस म्हणून म्हटलं!"

आवाज रस्त्यापलीकडे गेले. भांडण चालूच होतं. ना चंद्र, ना नदी, ना कुठला काठ. हा सूर मात्र काकांनी ओळखला. याच सुरात रोज सकाळी त्यांच्या घरी किल्ली कुठे ठेवलीत, दूध कुणी उतू घालवलं आणि मी सांगितलं होतं की नाही, यावर बोलणं होत असे.

काका मटकन स्टुलावर बसले.

नाटकातलं प्रेम असतं, तर त्यांनी मधे खुर्ची टाकली असती. हे तर खरं निघालं!